अठरा ओलांडलेल्या खेळाडूची जबाबदारी कुणाची? क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील राज्य व जिल्हा क्रीडा संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
(प्रत: सर्व जिल्हा क्रीडा अधिकारी)

सप्रेम नमस्कार.

मी कबड्डी खेळले आणि नंतर बरीच वर्षं महिला संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून फिरले. आपल्यापैकी अनेकांशी माझी ओळख आहे. संघाच्या प्रवासासाठी स्वतःच्या खिशात हात घालणारे आणि स्पर्धेच्या गावी रात्री उशिरा पोचलेल्या खेळाडूंसाठी पिठलं-भाकरीची सोय करणारे सचिव मी पाहिले आहेत. त्यामुळे हे पत्र कुणा एकाविरुद्धची तक्रार नाही. आपल्या सगळ्यांच्याच कारभारातल्या एका मोठ्या उणिवेबद्दल मी लिहिते आहे. खेळाडूला अठरा वर्षं पूर्ण झाली की त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्यापैकी कुणीच घेत नाही.

कबड्डीचंच सांगते. कुमार गटाची वयोमर्यादा वीस वर्षं आहे. त्यामुळे सतरा वर्षांची चढाईपटू आणि एकोणीस वर्षांची कोपरारक्षक एकाच मॅटवर सराव करतात, एकाच खोलीत झोपतात, एकाच प्रशिक्षकाचा शब्द झेलतात. सतरा वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर २०१२चा पोक्सो कायदा लागू होतो. ज्याला ते कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. शेजारच्या गादीवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मात्र आपलं उत्तर ठरलेलं असतं: "ती सज्ञान आहे, तिला काही म्हणायचं असेल तर ती म्हणेल." हे उत्तर मी वेगवेगळ्या जिल्ह्यांत, अगदी भल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ती का म्हणत नाही, हा पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारलेला ऐकला नाही.

तर ती का म्हणत नाही ते सांगते. शाळकरी खेळाडूच्या मागे आई-वडील असतात, शाळा असते, वर्गशिक्षक असतात. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूनं घर सोडलेलं असतं. ती क्रीडा प्रबोधिनीत, क्लबच्या खोलीत किंवा सरांनीच ओळखीनं मिळवून दिलेल्या भाड्याच्या जागेत राहते. तिची निवड चाचणी अर्ध्या दिवसात उरकते आणि यादी दोन दिवसांनी सचिवांच्या व्हॉट्सअॅपवर येते. नाव का गेलं हे विचारायची सोय नसते. त्यात आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ही फार चांगली गोष्ट आहे. त्या आरक्षणामुळे किती घरांत पहिली पक्की नोकरी आली हे मला माहीत आहे. पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, त्याची पडताळणी लागते, पडताळणीसाठी संघटनेकडची कागदपत्रं लागतात. ती कागदपत्रं ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांच्याच किंवा त्यांच्या मित्राच्या वागण्याबद्दल तिला बोलायचं असतं. खेळ, राहणं, जेवण, भावी नोकरी हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर असेल तर त्या खेळाडूच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही. वय कितीही असो.

आणि हे फक्त लहान गावातल्या, अननुभवी मुलींचं होतं असंही कुणी समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर कोण बसलं होतं ते आठवा. साक्षी मलिक तेव्हा तीस वर्षांची होती, रिओ ऑलिंपिकचं पदक तिच्या नावावर होतं. विनेश फोगाट अठ्ठावीस वर्षांची, जागतिक स्पर्धेत दोनदा पदक जिंकलेली. बजरंग पुनिया त्यांच्याबरोबर होता. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सज्ञान खेळाडूंना आपल्या कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची दखल घ्यायला लावण्यासाठी रस्त्यावर बसावं लागलं. गुन्हा नोंदवला गेला तो एप्रिलच्या अखेरीस, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोप निश्चित केले. संबंधितांनी आरोप फेटाळले आहेत आणि खरंखोटं ठरवणं हे न्यायालयाचं काम आहे. माझा प्रश्न त्याआधीच्या काळाबद्दल आहे. ऑलिंपिक पदक गळ्यात असताना ज्यांना दाद मागायला महासंघात विश्वासाची जागा सापडली नाही, त्यांच्यापुढे सांगली किंवा धाराशिवच्या जिल्हा संघातल्या राखीव खेळाडूनं कुणाकडे जायचं?

कायदा नाही, अशी सबब आपल्याला सांगता येणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येतच क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं मैदान यांचा स्पष्ट उल्लेख आहे, निवासी असो वा नसो. तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. "आमच्याकडे पगारी माणूसच नाही, सगळे सेवाभावी आहेत" हे मी बैठकीत ऐकलेलं वाक्य आहे. त्यालाही कायद्यात उत्तर आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेनं अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा संघटनेतल्या प्रत्येक महिला खेळाडूसाठी तक्रारीची जागा कागदावर आहे. किती खेळाडूंना ती माहीत आहे हे आपण आपल्या पुढच्या शिबिरात विचारून पाहा. मी विचारत आले आहे. बहुतेक वेळा समोरून फक्त एकमेकींकडे बघणं होतं.

१२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. ते प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं, तिथल्या विद्यापीठातलं होतं, खेळाचं नव्हतंच. तरीही निकालात न्यायालयानं एका वृत्ताच्या आधारे नोंदवलं की देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अंतर्गत समितीच नेमलेली नाही. कायदा येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. राष्ट्रीय पातळीवर ही स्थिती, तर जिल्ह्यात काय असेल याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आहे.

या कायद्यातली एक गोष्ट खेळाडूंना फार जाचते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. आता आपला हंगाम बघा. जिल्हा अजिंक्यपद, मग राज्य अजिंक्यपद, मग शिबिर, मग राष्ट्रीय स्पर्धा. शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात काही घडलं तरी खेळाडू राष्ट्रीय स्पर्धा पार पडेपर्यंत तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर वर्षाची मेहनत वाया जाते. घरी परतल्यावर निवांत विचार करून, कुणा मैत्रिणीशी बोलून धीर गोळा होईपर्यंत मुदत संपलेली असते. आणि मग आपणच म्हणतो, "इतके दिवस काय करत होती?" कायद्याची मुदत बदलणं आपल्या हातात नाही. पण संघटनेच्या शिस्तभंगाच्या नियमांना मुदत घालायची की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. ती घालू नका.

तक्रार संघटनेच्या बाहेर जायला हवी, हा माझा सर्वांत ठाम आग्रह आहे. दक्षिण कोरियातली चोई सुक-ह्यन ही ट्रायथलॉनपटू २२ वर्षांची होती, सज्ञान. प्रशिक्षक आणि संघातल्या वरिष्ठांकडून होणाऱ्या मारहाणीची आणि छळाची तक्रार तिनं पोलिसांकडे केली, क्रीडा संघटनांकडे केली, दार ठोठावायचं ठेवलं नाही. वेळेवर कुणी हललं नाही. २६ जून २०२० रोजी तिनं आयुष्य संपवलं. त्यानंतर देश हादरला, प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तक्रारींसाठी संघटनांपासून वेगळं असं क्रीडा नीतिमत्ता केंद्र तिथे सुरू झालं. तिच्या जाण्यानंतर जे सुचलं ते आपल्याला आधी सुचायला काय हरकत आहे? ज्या सचिवाचा प्रशिक्षकाशी वीस वर्षांचा घरोबा आहे, त्यानं त्या प्रशिक्षकाविरुद्धची तक्रार ऐकू नये. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच्या जागी मी असते तरी माझ्याकडून निःपक्ष निवाडा झाला नसता.

पुरुष खेळाडूंबद्दल आपण बोलतच नाही, म्हणून इथे थोडं थांबते. तालमीत वस्ताद आणि पठ्ठ्या यांचं नातं मला मोलाचं वाटतं. कोल्हापूर-सांगलीच्या मातीत ते पिढ्यान् पिढ्या टिकलं आहे आणि त्यानं गरीब घरातल्या पोरांना उभं केलं आहे. पण त्याच नात्याच्या आडोशाला पट्टा चालतो, जुन्यांनी नव्यांचा छळ करणं चालतं, आणि कधी कधी त्याहून वाईट चालतं. पॉश कायदा फक्त महिलांसाठी आहे. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतलं, 'अनैसर्गिक' संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम गेलं. आपसातल्या संमतीचे संबंध २०१८ मध्येच गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले होते, ते योग्यच झालं. पण पुरुषावर झालेल्या जबरदस्तीसाठी उरलेली तरतूदही कलमाबरोबर गेली आणि तिच्या जागी नवी आली नाही. वीस वर्षांच्या मल्लावर असा अत्याचार झाला तर त्याला मारहाणीच्या कलमांवर भागवावं लागेल. त्याच्यासाठी कायदा तोकडा आहे, म्हणून संघटनेची आचारसंहिता तरी भक्कम हवी आणि ती स्त्री-पुरुष-तृतीयपंथी सगळ्यांना सारखी लागू हवी.

छळ म्हणजे फक्त लैंगिक छळ, असंही मी मानत नाही. वजन उतरवण्यासाठी दोन दिवस पाणी तोडायचं, प्लॅस्टिक अंगाला गुंडाळून उन्हात धावायचं, आणि पोरगं चक्कर येऊन पडलं की "हौस त्याचीच आहे" म्हणायचं, हेही त्यातच येतं. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले. तिघेही सज्ञान होते, तिघांचीही हौसच होती. तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेनं लगेच रबरी सूट आणि सॉनावर बंदी घातली, वजनाचे नियम बदलले. खेळाडूची तयारी होती, हे कारण त्यांनी पुढे केलं नाही. गुडघा सुजलेल्या खेळाडूला इंजेक्शन देऊन उपांत्य सामन्यात उतरवण्याचा निर्णय आपल्याकडे कोण घेतं? डॉक्टर घेतो का?

अपंग खेळाडूंच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकलं. त्या परंपरेचा अभिमान आपण भाषणांत सांगतो. पण व्हीलचेअरवरच्या जलतरणपटूला कपडे बदलायला, पाण्यात उतरायला, शौचाला मदत लागते. ती मदत कोण करणार हे तिला विचारून ठरतं का? मतिमंदत्व असलेला तीस वर्षांचा खेळाडू आपल्याशी काय चाललंय हे सांगू शकेल, पण त्याच्या भाषेत, त्याच्या वेगानं, आणि ऐकणाऱ्याला वेळ असेल तर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सातव्या कलमानुसार अशा छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं, नातेवाईकच असावं लागत नाही. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात हे एक वाक्य जरी सांगितलं तरी पुष्कळ झालं.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना वेगळी विनंती. पोलीस भरतीच्या खासगी अकादम्या आता प्रत्येक तालुक्यात आहेत. पहाटे चारला मैदानावर सोळाशे मीटर आणि गोळाफेकीचा सराव करणाऱ्या हजारो तरुण-तरुणी या कोणत्याच संघटनेच्या सभासद नाहीत. त्या अकादमीच्याच वसतिगृहात राहतात, वर्षाची फी आधी भरून बसलेल्या असतात, त्यामुळे सोडून जाणंही सोपं नसतं. त्यांचा सराव अनेकदा शासनाच्या तालुका क्रीडा संकुलात होतो. मैदान वापरायची परवानगी देताना अट घालायचा अधिकार आपल्याकडे आहे. वसतिगृहात महिला अधीक्षक आहे का, शिकवणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी झाली आहे का, स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर आहे का, एवढं विचारून मगच सही करा.

आता संघटनांकडून मला काय हवं आहे ते सरळ लिहिते. प्रवासापासून सुरुवात करू, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक गोष्टी तिथेच घडतात. जून २०२२ मध्ये परदेशातल्या शिबिरात एका महिला सायकलपटूनं प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरणानं राष्ट्रीय महासंघांना सांगितलं की महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असायलाच हवी. जिल्ह्याच्या संघालाही हेच लागू करा. "बाई मिळत नाहीत" हे मला पटत नाही. प्रत्येक जिल्ह्यात खेळून निवृत्त झालेल्या पन्नास जणी असतात. त्यांना भत्ता आणि मान द्या, त्या येतील. स्पर्धेच्या गावी शाळेच्या वर्गात मुक्काम असेल तर दाराला आतून कडी आहे का, स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा आहे का, हे संघ पोचण्याआधी कुणीतरी जाऊन बघावं. मसाज आणि फिजिओ उघड्या दारानं, दुसरी व्यक्ती हजर असताना. रात्री दहानंतर खेळाडूला एकटीला फोन किंवा मेसेज करायचं प्रशिक्षकाला काहीच काम नसतं. जे सांगायचं ते संघाच्या ग्रुपवर सांगावं. निवड चाचणीचे गुण त्याच दिवशी मैदानावर लावा, त्यानं निम्मी भीती जाईल. आणि प्रमाणपत्र ही खेळाडूची मिळकत आहे. स्पर्धा संपली की ते ठरावीक दिवसांत तिच्या हाती पडलं पाहिजे, त्यासाठी कुणाच्या घरी खेटे घालायला लागता कामा नयेत.

खोट्या तक्रारींची भीती आपल्याला वाटते हे मला माहीत आहे. प्रशिक्षकांच्या बाजूनंही मी विचार करते. उघड्या दाराचा आणि दुसऱ्या व्यक्तीच्या हजेरीचा नियम त्यांचंही रक्षण करतो. कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, आणि तिथेच हेही लिहिलं आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. संघटनेची बदनामी होईल ही भीती मात्र मला समजत नाही. ज्या संघटनेत तक्रारीची नीट चौकशी झाली, तिथे पालक मुलींना पाठवायचे थांबले असं मी कुठे पाहिलं नाही. दबलेल्या कुजबुजीमुळे गावातला महिला संघच बंद पडलेला मात्र पाहिला आहे. चांगला संघ होता. त्यातल्या दोघी राज्याकडून खेळल्या असत्या.

२०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे आणि राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात असं म्हटलं आहे. त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण ते धोरण दिल्लीहून आपल्या तालुक्यात पोचेपर्यंत किती हंगाम जातील? तोवर आपण थांबायचं कारण नाही. वर लिहिलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, कार्यकारिणीचा एक ठराव लागतो.

आपल्या पुढच्या निवड चाचणीची सूचना निघेल तेव्हा त्यात खेळाडूंनी आणायच्या कागदपत्रांच्या यादीखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन नंबर छापा, आणि त्याखाली आपल्या संघटनेबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीचं नाव द्या, जिच्याशी कोणताही खेळाडू बोलू शकेल. ज्या संघटना हे करतील त्यांच्या खेळाडूंना ती माहिती समजावून सांगायला मी स्वखर्चानं येईन. ज्यांना हे करणं शक्य वाटत नाही, त्यांनी त्याचं कारण आपल्या खेळाडूंना लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
एक माजी कबड्डी खेळाडू आणि संघ व्यवस्थापक